भोपळ्याचा डावा कान

"इसमें तार क्यों है?"

हवालदाराचा प्रश्न रास्त होता. माझ्या स्कूटरवर पायाशी प्लॅस्टिकचा डबा होता, डब्यात लाल भोपळा होता आणि भोपळ्याच्या एका अंगाला तांब्याची तार चिकटपट्टीने लावलेली होती. आत एक मेणबत्तीही खोचलेली होती, पण ती अजून त्याला दिसली नव्हती.

"वो उसका बायाँ कान है," मी म्हणाले.

ही खरं बोलायची वेळ नव्हती, हे मला बोलून झाल्यावर कळलं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. चंदीगडच्या प्रत्येक मोठ्या चौकात वाळूची पोती रचलेली असायची आणि त्यांच्यामागे बंदुका. बेवारस ट्रान्झिस्टरला, टिफिनला हात लावू नका, असं रेडिओपासून बसच्या पाठीपर्यंत सगळीकडे बजावलेलं असायचं. त्या यादीत भोपळा नव्हता, पण यादी दर महिन्याला वाढत होती. दोन जवान चार पावलं मागे सरकले. माझ्या मागच्या स्कूटरवाल्यांनी गुपचूप गाड्या वळवल्या.

"बाहर निकालो. आप खुद निकालो. धीरे."

मी भोपळा काढून रस्त्यावर ठेवला. सांगितल्याप्रमाणे तार उपटली. मेणबत्ती काढून मोडून दाखवली. त्याच्या नाकाच्या जागी टाचणीने अर्धं लिंबू लावलं होतं, तेही काढलं.

"डॉक्टर हो?" गळ्यातलं हॉस्पिटलचं ओळखपत्र वाचत त्याने विचारलं.

"फिजिसिस्ट. कॅन्सर के मरीज को मशीन से जो किरणें देते हैं, वो किरणें ठीक जगह जाएँ, ये देखना मेरा काम है."

"और ये कद्दू?"

"एक मशीन झूठ बोल रही है. उसे पकड़ना है."

हे मात्र त्याला लगेच पटलं. दिवसभर त्याचंही काम तेच होतं. "जाइए मॅडम," तो म्हणाला, "कान वापस लगा लेना."

आता ही वेळ का आली ते सांगते.

मी मूळची सोलापूरची. नवरा हवाई दलात, त्याची बदली चंदीगडला झाली आणि मला तिथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात रेडिओथेरपी विभागात नोकरी मिळाली. लोकांना वाटतं, किरणं देणं म्हणजे बटण दाबणं. बटण शेवटी येतं. त्याआधी गाठ कुठे आहे, तिच्या शेजारी काय आहे, किरणं कोणत्या कोनातून सोडली म्हणजे गाठ मरेल आणि शेजारी वाचेल, हा सगळा हिशेब बसवावा लागतो. त्याला आम्ही प्लॅनिंग म्हणतो.

हे प्लॅनिंग आधी हाताने व्हायचं. सीटी स्कॅनची फिल्म उजेडाच्या टेबलावर ठेवायची आणि गाठीची कड पेनाने गिरवून कॉम्प्युटरला द्यायची. त्यात दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतंच. पोटात चालून जातं. डोळ्याच्या मागे चालत नाही.

म्हणून विभागाने नवी प्लॅनिंग सिस्टम घेतली. तिला सीटी स्कॅनचं चित्र थेट कॉम्प्युटरच्या चुंबकीय टेपवरून देता यायचं, गिरवागिरवी बंद. गंमत एवढीच की स्कॅनर एका परदेशी कंपनीचा आणि प्लॅनिंग सिस्टम दुसऱ्या परदेशी कंपनीची. स्कॅनरवाले टेपवर चित्र कोणत्या क्रमाने लिहितात, ते सांगायला तयार नव्हते. ते त्यांचं व्यावसायिक गुपित. प्लॅनिंगवाल्यांनी ते गुपित कुठूनतरी ओळखून टेप वाचणारा प्रोग्रॅम लिहिला होता, पण तो कसा वाचतो हे तेही सांगायला तयार नव्हते. ते त्यांचं गुपित. आम्ही दोघांचे ग्राहक. आम्हाला दोन्ही गुपितं सीलबंद मिळाली.

मी ज्या शहरात राहत होते तिथे घराच्या फाटकाची उंचीसुद्धा सरकार ठरवून द्यायचं. विटा ठरलेल्या, पुढच्या भिंती ठरलेल्या. कोणत्याही सेक्टरचा गवंडी कोणत्याही सेक्टरात जाऊन काम करू शकायचा, कारण मापं सगळ्यांना माहीत. लोक त्याला फार नावं ठेवायचे. मीही ठेवायची, टेप हातात येईपर्यंत.

सिस्टम बसवायला दिल्लीहून माथुर नावाचा इंजिनियर आला. तरुण, हुशार, टाय घट्ट. त्याने कंपनीचा फँटम आणला होता. फँटम म्हणजे आमच्या धंद्यातला खोटा रुग्ण. हा पाण्याने भरलेला सुबक गोल डबा होता आणि त्यात सारख्या अंतरावर सारख्या कांड्या. तो स्कॅन केला, टेप वाचली, चित्र आलं. माप बरोबर, घनता बरोबर. आमचे विभागप्रमुख डॉक्टर भल्ला यांनी सर्टिफिकेटवर सही केली. बर्फी वाटली.

तो डबा डावीकडून पाहिला काय, उजवीकडून पाहिला काय, सारखाच दिसतो, हे कुणाच्या मनात आलं नाही. सुबक वस्तूंचा हा मोठा दोष असतो.

आणि मग गुरदेवसिंग आला.

गुरदेवसिंग चंदीगडजवळच्या खरड गावचा पेंटर. ट्रकच्या पाठी, बसच्या कडा, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्या दिवसांत पंजाबात फर्मान निघालं होतं की पाट्या पंजाबीतच हव्यात, आणि फर्मान काढणाऱ्यांशी वाद घालायची पद्धत नव्हती. दुकानदार धडाधड पाट्या बदलून घेत होते.

"आतंकवाद ने मेरी दुकान चला दित्ती, मॅडमजी," तो मला म्हणाला, "ते इस अक्ख ने बंद कर दित्ती." अक्ख म्हणजे डोळा.

त्याच्या डाव्या डोळ्यामागे गाठ होती. शस्त्रक्रियेत निघाली तेवढी काढली, उरलेली डोळ्याच्या नसेला गुंडाळून बसली होती. डावा डोळा गेलाच होता. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे जवळ येतात, तिकडे ती आता सरकत होती. तिला तिथेच थांबवलं तर उजवा डोळा राहणार होता. चाळिशीचा माणूस, घरात तीन मुली, हातात एकच विद्या आणि तीही डोळ्यांची.

त्याच्या डॉक्टर होत्या संधू मॅडम. उंच, खणखणीत आवाजाच्या. कॉम्प्युटर काहीही म्हणो, रुग्णाला हात लावल्याशिवाय त्या कागदावर काही लिहायच्या नाहीत. गुरदेवची टेप मी सिस्टममध्ये घातली. पडद्यावर गाठ सुरेख दिसली, कड न् कड. शेजारी अक्षर होतं आर. म्हणजे राइट, उजवी बाजू.

संधू मॅडम पडद्याकडे बघत राहिल्या. मग बाहेर बाकावर बसलेल्या गुरदेवला त्यांनी हाक मारली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि कोणता डोळा गेलाय ते विचारलं, "किहड़ी अक्ख गई ए?"

"खब्बी," तो म्हणाला. डावी.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "देशमाने, तुझी मशीन म्हणते उजवी. हा म्हणतो डावी. डोळा याचा आहे."

 त्या प्लॅनप्रमाणे किरणं सोडली असती तर आम्ही अतिशय अचूकपणे, मिलिमीटरही न चुकता, त्याचा चांगला डोळा जाळला असता.

इथे थोडं समजून घ्यावं लागेल. डोक्याची आडवी चकती कापल्यासारखं चित्र सीटी स्कॅन देतो. ती चकती पायाकडून बघायची की डोक्याकडून? क्ष-किरणवाले डॉक्टर पायाशी उभे राहिल्यासारखे बघतात, म्हणून रुग्णाची डावी बाजू त्यांच्या फिल्मवर उजवीकडे येते. मेंदूचे सर्जन डोक्याशी उभे असतात, ते उलट बघतात. दोघंही आपापल्या घरी बरोबर. फक्त चित्र एका घरातून दुसऱ्या घरात जाताना कुणीतरी सांगायला हवं की आपण कुठे उभे होतो. आमच्या टेपवर ते कुठे लिहिलंय, लिहिलंय की नाही, हे ज्यांना ठाऊक होतं ते सांगत नव्हते.

मी दिल्लीला फोन लावला. ट्रंक कॉल, मधेच कुणाचं तरी लग्नाचं बोलणं ऐकू येत होतं.

"मॅडम, तुमच्या टेक्निशियनने पेशंटला उलटा झोपवला असेल," माथुर म्हणाला. "पाय आत, डोकं बाहेर."

"डोक्याच्या स्कॅनला?"

"शक्यता सांगतोय."

"तुम्ही या आणि बघा."

"यायलाच हवं, मॅडम, पण हेड ऑफिसने सध्या चंदीगडचे दौरे बंद केलेत. सिच्युएशन. तुम्ही टेप घेऊन दिल्लीला याल का?"

म्हणजे ज्या रस्त्याने यायला त्याला भीती वाटत होती, त्याच रस्त्याने मी जायचं. भीती बहुधा एकाच दिशेने वाटत असावी.

डॉक्टर भल्ला सज्जन होते आणि सज्जन माणसांना सर्टिफिकेटचा फार आधार वाटतो. "सिस्टम पास हो चुकी है," ते म्हणाले. "मेरे साइन हैं. हम मन में उल्टा पकड़ लेंगे. राइट लिखा आए तो लेफ्ट समझेंगे. सिंपल."

"सर, आणि कंपनीने एक दिवस न सांगता दुरुस्त केलं तर?"

"तो बता देंगे वो."

"आत्तापर्यंत त्यांनी काय सांगितलंय?"

त्यांनी सर्टिफिकेट पुढे ओढलं. मग म्हणाले, "प्रूव्ह इट. कागदावर काही नाही, नुसतं एका पेंटरचं म्हणणं आहे." डोळा त्याचा असला तरी म्हणणं पेंटरचं, हे त्यांच्या बोलण्यात होतं, पण ते चिडून बोलत नव्हते. त्यांना खरंच कागद हवा होता.

पुरावा हवा तर असा खोटा रुग्ण हवा, ज्याला नाक आहे, डावा कान आहे आणि जो उलटा झोपला असं कुणी म्हणू शकणार नाही. हॉस्पिटलच्या वर्कशॉपमध्ये असा फँटम करायला अर्ज, मंजुरी आणि बजेट लागलं असतं. मी सेक्टर सव्वीसच्या मंडईत जाऊन भोपळा आणला. रात्रीच्या भाजीचा आहे असं समजून माझी मुलगी खूष झाली होती. मी त्याला लिंबाचं नाक लावलं, डाव्या बाजूला मेणबत्ती खोचली, वर तार लावली.

"मम्मा, इसका एक ही कान क्यों है?" तिने विचारलं. आमच्या घरी मी मराठीत विचारायची आणि ती हिंदीत उत्तर द्यायची. प्रश्नही हिंदीतच विचारायची.

"दोन लावले तर तो कंपनीचा होईल," मी म्हणाले.

नाक्यावरची गोष्ट वर सांगितलीच आहे. हॉस्पिटलात पोचल्यावर भोपळ्याची डागडुजी केली, नवी मेणबत्ती देवघर असलेल्या वॉर्डातून आणली, आणि त्याला रीतसर स्कॅनरवर झोपवलं. भल्ला सर स्वतः उभे होते. नाक वर, डोकं आत, डावा कान डावीकडे. टेप काढली, सिस्टममध्ये घातली. पडद्यावर भोपळा उगवला. नाक वर. आर हे अक्षर नेमकं कानाच्या बाजूला. म्हणजे कान उजवीकडे.

भल्ला सरांनी पडद्यावरच्या कानावर बोट ठेवलं. मग त्यांनी स्वतः दिल्लीला फोन लावायला सांगितला.

"सर, भोपळा हा अप्रूव्हड फँटम नाही," माथुर पलीकडून म्हणाला. "आमच्या मॅन्युअलमध्ये नाही."

भल्ला सरांनी फोन माझ्या हातात दिला. मला वाटतं त्या क्षणी सर्टिफिकेटवरचा त्यांचा विश्वास उडाला. मी माथुरला म्हणाले, "इथे एक माणूस आहे. त्याला एकच डोळा उरलाय. मला मॅन्युअल नको. तुम्हाला जे माहीत आहे ते सांगा."

 मग तो आवाज खाली आणून बोलला. कंपनीचा माणूस म्हणून नाही, नुसता माणूस म्हणून. मी त्याचं नाव कुठे घेणार नाही, अशी शपथ घालून. माथुर हे त्याचं खरं नाव नाही, तेव्हा शपथ मोडलेली नाही.

स्कॅनरवाल्यांनी अमेरिकेत पेटंट घेतलं होतं. पेटंट म्हणजे, एखादी युक्ती मी शोधली, तर ठरावीक वर्षं माझ्या परवानगीशिवाय ती कुणी वापरायची नाही, असा सरकारने दिलेला हक्क. पंपाला मिळतो, इंजिनाला मिळतो. तिकडे आता कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममधल्या युक्त्यांनाही मिळू लागला होता. यांची युक्ती काय, तर टेपवरचं चित्र रुग्णाच्या उजव्या बाजूपासून डावीकडे ओळीने वाचत जायचं आणि मग पडद्यावर मांडायचं.

"म्हणजे उजवीकडून डावीकडे वाचणं त्यांच्या मालकीचं?"

"वकिलांनी तसं लिहिलंय, मॅडम. म्हणून आमच्या लोकांनी डावीकडून वाचलं. केस नको म्हणून."

"ठीक. मग शेवटी चित्र पलटवायचं."

"हो, ती स्टेप आहे ना. पुढच्या रिलीजमध्ये. आमचं लीगल बघतंय, पलटवणं पण त्यांच्या पेटंटमध्ये येतं की काय."

मी हसले. दुसरं काय करणार? खरडच्या एका पेंटरचं डोकं सरळ करायला सातासमुद्रापलीकडच्या वकिलाची परवानगी थांबली होती.

"पण आपल्या देशात असल्या गोष्टीला पेटंटच मिळत नाही," मी म्हणाले. "इथे तरी पलटवा!"

"फ्लॉपी एकच निघते, मॅडम. सगळ्या जगाला तीच."

प्रोग्रॅम उघडून आपणच पलटवावा, तर सील तुटणार, वॉरंटी जाणार, आणि मुख्य म्हणजे आत काय आहे हे कुणाला ठाऊक नसताना उघडणार कसा? हाताने गिरवायला संधू मॅडम तयार नव्हत्या. "ही गाठ पेनाची नाही," त्या म्हणाल्या. "लवकर कर काहीतरी. त्याचा उजवा डोळा मी दर दोन दिवसांनी तपासतेय आणि मला ते आवडत नाही."

मी चिडले की मला सुचतं. हे नवऱ्याला ठाऊक आहे, आता तुम्हालाही. स्कॅनरमध्ये रुग्णाला घालताना टेक्निशियन एक बटण दाबतो, डोकं आधी की पाय आधी. पाय आधी सांगितलं की स्कॅनर स्वतःच डावं-उजवं अदलाबदल करून लिहितो. मग स्कॅनरलाच खोटं सांगितलं तर? डोकं आधी असताना पाय आधी म्हणायचं. तो उलटं लिहील, हा उलटं वाचेल. दोन उलट्यांचं एक सुलट. वॉरंटीत बटण दाबायला बंदी नव्हती.

क्ष-किरण विभागाने आधी आपली फिल्म सरळ काढून घ्यायची आणि मग टेपसाठी बटण फिरवायचं, असं ठरलं. भोपळ्यावर करून पाहिलं. कान डावीकडे आला. संधू मॅडमनी टाळी वाजवली. भल्ला सर म्हणाले, "हे कंपनीला कळता कामा नये."

"का, सर?"

"आपण त्यांच्या मशीनशी खोटं बोलतोय."

मला ते पटलं नाही, पण काम सुरू करायची घाई होती. मी गप्प बसले. गुरदेवचं नवं चित्र काढलं, प्लॅन केला, संधू मॅडमनी त्याच्या कपाळावर डावीकडे शाईने खूण केली.

"रंग कच्चा है, डॉक्टर साब," आरशात बघून तो म्हणाला. "पसीने नाल उतर जाऊ. मैं आपणा ब्रश लै आवां?" आणि खरंच दुसऱ्या दिवशी ब्रश घेऊन आला.

भोपळ्याचे मी घारगे केले. विभागात सगळ्यांनी खाल्ले.

गुरदेवची ट्रीटमेंट दोन टप्प्यांत होती. पहिला टप्पा व्यवस्थित पार पडला. दुसऱ्यासाठी पुन्हा स्कॅन, पुन्हा प्लॅन. गाठ थोडी आक्रसलेली असते, किरणांचा झोत आणखी अरुंद करायचा असतो. त्या स्कॅनच्या दिवशी सकाळी माथुर हजर. विमानाने आला होता. हेड ऑफिसच्या मते आकाशात सिच्युएशन नव्हती.

त्याने नवी फ्लॉपी घातली. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, किरकोळ सुधारणा.

"कोणत्या?" मी विचारलं.

"किरकोळ," तो म्हणाला. भल्ला सर खोलीत होते, त्यामुळे तो आज कंपनीचा माणूस होता. टायही पुन्हा घट्ट.

गुरदेवची टेप तयारच होती. भल्ला सर म्हणाले, लगेच प्लॅन करू, इंजिनियर इथे असेपर्यंत. माझं मन घेईना. जी गोष्ट किरकोळ असते ती सांगायला कुणाची जीभ जड होत नाही. मी म्हणाले, आधी भोपळा.

"मिसेस देशमाने, मशीन के इंजिनियर सामने बैठे हैं!"

"सर, त्यांनाच भोपळा धरायला देते."

पहिला भोपळा आमच्या सगळ्यांच्या पोटात गेला होता. पण सरकारी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कद्दू कधी संपत नाही. एक मागवला. नाक, कान, मेणबत्ती. माथुरने तो दोन्ही हातांनी स्कॅनरवर ठेवला. टेक्निशियनने सवयीने पाय आधीचं बटण दाबलं. माथुर चमकून म्हणाला, "ये क्या कर रहे हो? हेड तो अंदर है."

टेक्निशियन भल्ला सरांकडे बघू लागला. टेप आली, वाचली गेली. पडद्यावर कान उजवीकडे.

मी माथुरकडे पाहिलं. "वकिलांनी पलटवायला परवानगी दिली वाटतं."

त्याने टाय सैल केला. हो, दिली होती. नव्या फ्लॉपीत चित्र सरळ येत होतं. पण आपली जुनी चूक त्यांना कागदावर कबूल करायची नव्हती, म्हणून सांगितलं नाही. आणि आम्ही खोटं बटण दाबतोय हे आम्हाला कबूल करायचं नव्हतं, म्हणून आम्ही सांगितलं नाही. त्यांचं गुपित अधिक आमचं गुपित, बेरीज गुरदेवचा उजवा डोळा. संधू मॅडमनी पहिल्या खेपेला त्याला विचारून प्लॅन केला होता, आता कुणी पुन्हा विचारलं असतं का? कदाचित विचारलं असतं, मॅडम तशा आहेत. पण त्या दिवशी त्या रजेवर होत्या.

मी संतापले होते. माथुरवर, भल्ला सरांवर, गप्प बसलेल्या स्वतःवर. मोठ्याने बोलले, कॉरिडॉरमध्ये ऐकू गेलं असणार. बटण सरळ केलं, भोपळा पुन्हा घातला, कान डावीकडे आला. मग गुरदेवची टेप नव्याने काढली. मगच प्लॅन.

त्याच आठवड्यात मी दोन पानं लिहिली. चूक काय होती, कोणत्या फ्लॉपीत कशी, बटणाचं काय करायचं, आणि एक कान असलेली भाजी वापरून ती पाच मिनिटांत कशी पकडायची. एक प्रत स्कॅनरच्या खोलीत भिंतीवर लावली, एक आमच्या व्यवसायाच्या छोट्या बुलेटिनला पाठवायला बाजूला ठेवली.

"लीगल नोटीस येईल," भल्ला सर म्हणाले.

"येऊ द्या, सर. त्यांच्या वकिलांना भोपळ्याचं पेटंट आधी काढावं लागेल."

ते हसले आणि खाली माझ्या नावाशेजारी त्यांनी स्वतःचंही नाव घातलं. हे मला अनपेक्षित होतं. नोटीस आली नाही. त्याऐवजी देशातल्या इतर हॉस्पिटलांतून पोस्टकार्डं आली, आमच्याकडेही कान उजवीकडे येतोय म्हणून. प्लॅनिंगवाल्या कंपनीने आम्हाला न विचारता एक प्लॅस्टिकचं डोकं बाजारात आणलं, एका बाजूला खूण असलेलं. मग त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. तो फेटाळला गेला असं मला बऱ्याच वर्षांनी माथुरने सांगितलं. ही कल्पना भाजीच्या रूपात आधीच छापून आली आहे, असं कुणीतरी दाखवून दिलं म्हणे. तेव्हा तो कंपनी सोडून गेला होता, त्यामुळे मनमोकळा हसला.

पुढे सगळ्या कंपन्यांनी मिळून एक सामायिक पद्धत ठरवली. कुणाचाही स्कॅनर असो, प्रत्येक चित्रासोबत रुग्ण कसा झोपला होता आणि डावं कुठे, हे उघड लिहायचं, कुणालाही वाचता येईल असं, फुकट. ते ठरवायला बरीच वर्षं लागली. एका परिषदेत त्या दोन्ही कंपन्यांचे साहेब व्यासपीठावर शेजारी बसून, खुलेपणाची कल्पना मुळात कुणाची, यावर गोड भांडत होते. मी दुसऱ्या रांगेत होते. चहा चांगला होता.

पण गुरदेवचं राहिलं. ट्रीटमेंट संपून काही महिने झाल्यावर तो तपासणीला आला. संधू मॅडमनी उजवा डोळा तपासला, पुन्हा तपासला, आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. तो बाहेर माझ्या टेबलाशी येऊन बसला. त्या दिवशी नेमकं काय बिघडलं होतं, मी का ओरडत होते, ते त्याला जाणून घ्यायचं होतं. बाकावरून त्याने सगळं ऐकलं होतं. मी त्याला सांगितलं, आडपडदा न ठेवता. उजवीकडून डावीकडे वाचायचा हक्क एका कंपनीने घेतला होता, म्हणून दुसरीने उलटं वाचलं.

त्याने ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मेरे उस्ताद उर्दू दे बोर्ड लिखदे सी, मॅडमजी. सारी उमर सज्जे तों खब्बे." उजवीकडून डावीकडे. "चंगा होया पहलां गुजर गए. नहीं तां केस हो जांदा."

मी हसता हसता रडायला लागले. तो घाबरला, पाणी आणायला उठला. उठताना कॉरिडॉरच्या टोकाच्या आमच्या विभागाच्या पाटीकडे त्याचं लक्ष गेलं आणि तिथूनच, एका डोळ्याने, शेवटचं अक्षर थोडं खाली घसरलंय म्हणून तो ती रंगवणाऱ्याला शिव्या घालायला लागला. मी बघितलं. मला दोन डोळ्यांनी ते दिसत नव्हतं.

डावं आणि उजवं कुणाच्या मालकीचं असू नये. पेटंटच्या कायद्यातलं मला एवढंच कळतं, आणि एवढ्यावर माझी नोकरी निभावली.